बेरिंग बदलल्यावर ट्रॅक्टर तोच राहतो का?

परळी–बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यात आणि आसपासच्या गावांत दोन-दोन पिढ्यांनी हाकलेले ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. त्यांचे टायर, बॅटरी, क्लच प्लेट, लायनर-पिस्टन कधी ना कधी बदललेले असतात; इंजिनाची बेरिंगे तर एकदा तरी बदलावी लागतातच. तरीही वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर मुलाच्या हाती येतो तो ‘तोच’ म्हणून. हे म्हणणे कशाच्या आधारावर टिकते? भाग बदलत गेले तरी वस्तू तीच राहते की नाही, हा भारतीय तत्त्वचर्चेतल्या जुन्यातल्या जुन्या वादांपैकी एक आहे, आणि इंजिनाच्या बेरिंगाइतके त्याला नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. टायर किंवा बॅटरी काढली तर जागेवर तशीच दुसरी येते. बेरिंगाच्या बाबतीत तसे होतेच असे नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच अडतो.

क्रँकशाफ्ट ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती मेन बेरिंगे, आणि कनेक्टिंग रॉड क्रँकच्या पिनेला जिथे धरतो तिथली बिगेंड बेरिंगे. चाकात असतात तशी ही छर्ऱ्यांची नसतात. अर्ध्या कड्याच्या आकाराच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर बसवल्या की एक बेरिंग पुरे होते. पट्टीची पाठ पोलादाची, पोटाच्या बाजूला तांबे-शिशाचा किंवा अॅल्युमिनियम-कथिलाचा थर, आणि बऱ्याच प्रकारांत त्यावर आणखी एक अतिशय पातळ मऊ लेप. हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९ मध्ये कथील, तांबे आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे बेरिंग काढले, तेव्हापासून हे तत्त्व कायम आहे : फिरणारा दांडा कठीण, त्याला धरणारा धातू मऊ. तेलातून धुळीचा कण आला तर तो मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँकवर ओरखडा पडत नाही. तेल कमी पडले तर आधी बेरिंग जाते आणि क्रँक वाचण्याची शक्यता राहते. स्वस्त भागाने झिजावे आणि महाग भाग टिकावा, अशीच ही रचना आहे.

इंजिन नीट चालत असताना मात्र बेरिंग आणि क्रँक एकमेकांना लागतच नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या बेरिंगांवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेरिंगाला वरून भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. भोकात बूच मारले, ते निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. दाब मोजल्यावर तो भारामुळे येणाऱ्या सरासरी दाबापेक्षा कितीतरी जास्त भरला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा तेलावर उचलला जातो. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा सगळा मारा त्या तेलाच्या पापुद्र्यावर पडतो. त्यासाठी ठेवलेली मोकळीक अडीच इंच व्यासाच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेरिंगात फिरणाऱ्या भागाला, दोन ते तीन थाउ, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. गॅरेजमध्ये आजही हेच माप बोलले जाते.

ही मोकळीक वाढली की तेल दोन्ही कडांनी निसटते. गरम झालेले इंजिन स्लो ठेवले की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो, आणि भार पडला की चेंबरमधून ठोका ऐकू येतो. उन्हाळी नांगरटीत काळ्या रानाची धूळ, एअर क्लीनरमधले वेळेवर न बदललेले तेल, उसाच्या भरल्या ट्रॉलीला वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर ओढायला लावणे, ही त्यामागची नेहमीची कारणे. शेवटच्या कारणाकडे फारसे लक्ष जात नाही. फेऱ्या कमी आणि भार जास्त असला की तेलाचा पापुद्रा पातळ होतो आणि धातूला धातू लागतो. इंजिन हळू चालवणे म्हणजे त्याला जपणे, हा समज इथे खोटा ठरतो.

बेरिंग बदलताना पट्ट्या काढून नव्या घालणे हा कामाचा सोपा भाग. खरे काम मोजण्याचे. क्रँक उतरवून प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी, आडवे-उभे तपासले जाते. स्फोटाचा धक्का दर वेळी पिनेच्या त्याच बाजूवर येत असल्यामुळे ती गोल न राहता अंडाकृती होते. झीज मर्यादेत असेल तर मूळ मापाची, म्हणजे स्टँडर्ड बेरिंगे पुन्हा चालतात. नसेल तर क्रँक ग्राइंडिंगला जातो. जर्नल दहा थाउने घासून पुन्हा गोल केले जाते आणि त्याला दहा थाउ अंडरसाइझ बेरिंग येते. इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. जर्नल बारीक झाले म्हणून नवे बेरिंग जाड झाले आहे : दोन्ही पट्ट्यांनी प्रत्येकी पाच-पाच थाउ. जुने बेरिंग आणि नवे बेरिंग सारखे नाहीत, कालचे जर्नल आणि आजचे जर्नल सारखे नाही. सारखी राहिली ती दोघांमधली मोकळीक.

बेरिंगाची खालची पट्टी धरणाऱ्या कॅपांचीही गोष्ट अशीच. मेन बेरिंगांच्या कॅप ब्लॉकवर बसवून मगच भोके एका ओळीत बोअर केलेली असतात, म्हणून प्रत्येक कॅपवर नंबर असतो. पहिल्या क्रमांकाची कॅप दुसऱ्या जागी किंवा उलटी बसवली तर धातू तोच, माप तेच, तरी क्रँक फिरत नाही किंवा बेरिंग लगेच जळते. पट्टीची टोकेही कॅपच्या कडेपेक्षा किंचित वर राहतील अशी केलेली असतात. बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्याप्रमाणे आवळले की दोन्ही पट्ट्या एकमेकींना रेटतात आणि पाठीने घरात घट्ट बसतात. बेरिंग सैल वाटले म्हणून कॅप कानसीने घासणाऱ्या फिटरने ते पक्के केलेले नसते, त्याचे घरच बिघडवलेले असते. भागांचे परस्परांशी असलेले नाते हे भागांइतकेच खरे आहे, हे यावरून उघड होते. प्राचीन वादाकडे वळताना हा मुद्दा हाताशी ठेवला पाहिजे.

तो वाद मराठवाड्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात काढलेले महाविद्यालय मिलिंद या नावाने आणि त्याचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो. ही दोन्ही नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्षू नागसेन त्याला एकेक विचारतात : दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, सांगाडा, जू? हे सारे मिळून रथ का? की याच्यापलीकडे रथ म्हणून काही आहे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या सगळ्यांच्या आश्रयाने ‘रथ’ हे नाव चालते. माणसाचेही तसेच, आत वेगळा कोणी पुद्गल (व्यक्ती) बसलेला नाही.

नागसेनांचा प्रश्न ट्रॅक्टरला रथापेक्षाही जास्त लागू पडतो. बैलगाडीला साटा असतो, ट्रकला चासी असते. बाकीचे भाग तिच्यावर चढवलेले असतात. १९१७ च्या फोर्डसनपासून बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चासीच नसते. इंजिनाचा ब्लॉक, क्लचचे घर, गिअर बॉक्स आणि मागचा आस यांची ओतीव घरे एकमेकांना बोल्टांनी जोडली की त्यांचाच कणा तयार होतो. इंजिन उतरवताना ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडवावा लागतो, आणि तेव्हा कशावर तरी टेकून राहिलेला ‘मूळ ट्रॅक्टर’ कुठेच शिल्लक नसतो. पुढची दोन चाके एका बाजूला, मागची दोन दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे खाली ठोकळे. भागांपलीकडे काही नाही, हे इथे वाद न घालता दिसते.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटणारे नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा अवयवी खराच असतो आणि तो अवयवांत समवायाने, म्हणजे वेगळा न करता येणाऱ्या संबंधाने, राहतो. न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी दिलेले एक कारण फार व्यवहारी आहे : वस्तू एका ठिकाणी धरली तर सगळी धरली जाते, एका टोकाने ओढली तर सगळी येते. धान्याची रास तशी ओढता येत नाही. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला पुढून साखळी लावली की मागची चाकेही निघतात. म्हणून ट्रॅक्टर ही रास नाही, एक वस्तू आहे. नागसेनांच्या बाजूने याला सहज उत्तर देता येत नाही. पण याच मताची दुसरी बाजू मालकाला मानवणार नाही. न्याय-वैशेषिकांच्या काटेकोर हिशेबात एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. वस्त्रातला एक धागा निघाला तर पहिले वस्त्र संपले, आता आहे ते खंडपट. तेच आहे असे वाटते ते बाकीचे अवयव आणि आकार सारखे असल्यामुळे. या न्यायाने बिगेंडची एक जोडी बदलली की वडिलांचा ट्रॅक्टर गेला. अवयवीला इतके खरे मानले की तो इतका नाजूक होतो, ही या मताची किंमत आहे आणि ती जबर आहे.

उलट टोकाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले जीर्ण वस्त्रांचे उदाहरण आहे, आणि घरोघरी पहिल्यांदा आठवते ते हेच. जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी घेतो तसा देही जुनी शरीरे टाकतो. ते उदाहरण आत्म्याविषयी आहे आणि तिथे ते चोख आहे. यंत्रावर ते चालवू नये. वस्त्र बदलले तरी नेसणाऱ्यात काही बदलत नाही. बेरिंग बदलताना क्रँक दहा थाउने कमी झालेला असतो. अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांनी शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये ‘विवेकसिंधू’ लिहिला असे परंपरा मानते. त्या ग्रंथातला अद्वैत विचार तर अवयव-अवयवी हा सगळा भेदच नामरूपाच्या, व्यवहाराच्या पातळीवर ठेवतो. त्या पातळीच्या वर गेल्यावर प्रश्न उरत नाही. पण फिटरला आणि मालकाला त्याच पातळीवर काम करायचे आहे, आणि व्यवहारातही काही उत्तरे बरोबर व काही चूक असतात.

सिरसाळ्यातल्या ट्रॅक्टरला सर्वांत जवळचे सूत्र जैन दर्शनात सापडते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात जे आहे त्याचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य असे तीन अंगांनी सांगितले आहे. उपजणे, नाहीसे होणे आणि टिकणे या तीन वेगवेगळ्या वेळच्या घटना नाहीत. प्रत्येक वस्तूत त्या एकदमच चालू असतात. समंतभद्रांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट हवा असलेला खिन्न होतो, मुकुट हवा असलेला आनंदतो, आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला काहीच वाटत नाही. सूत्र ट्रॅक्टरला पूर्ण लागू पडते, उदाहरण मात्र पडत नाही. सोन्यात द्रव्य टिकते आणि आकार जातो. बेरिंगाच्या कामात द्रव्य जाते. कथील, तांबे, शिसे सगळे भंगारात जाते आणि क्रँकचे पोलादही ग्राइंडिंगच्या पाण्याबरोबर वाहून जाते. ध्रुव राहते ते माप : दोन-तीन थाउची मोकळीक, कॅपांचा क्रम, भोकांची एक ओळ.

म्हणून नागसेन आणि नैयायिक या दोघांचेही म्हणणे थोडे दुरुस्त करून घ्यावे लागते. भागांपलीकडे ट्रॅक्टर नावाची वस्तू नाही, हे नागसेनांचे खरे. ते भाग म्हणजे नुसती रास नाही, हे नैयायिकांचे खरे. भागांना वस्तू करणारी गोष्ट त्यांच्यामधले ठरलेले नाते आहे. त्या नात्याला वजन नाही, ते कुठल्या खोक्यात विकत मिळत नाही, आणि तरीही मायक्रोमीटरने मोजता येते. मिलिंद राजाने शेवटी जे मान्य केले त्यातला ‘आश्रयाने’ हा भाग नावापेक्षा महत्त्वाचा आहे. नाव कोणीही देऊ शकतो. आश्रय माप चुकले की तुटतो.

यात आणखी एक बाब येते, आणि ती कुठल्याही जुन्या दृष्टान्तात नाही. दर वेळी घासल्यावर क्रँक मागे परतत नाही. दहा, वीस, तीस, काही इंजिनांत चाळीस थाउ एवढ्याच मापांची बेरिंगे मिळतात. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर ते माप छापलेले असते. नवा फिटर चेंबर उघडून पट्टी उलटी करतो आणि ‘०२०’ वाचतो, तेव्हा क्रँक आतापर्यंत किती उतरला आणि पुढे किती वाव आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. यंत्राचे तेपण त्याच्या या इतिहासातही असते. त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा, शोरूममधून त्याच दिवशी निघालेला दुसरा ट्रॅक्टर शेजारी उभा केला तर दोघांत फरक करणारी ठळक गोष्ट म्हणजे कोण किती झिजला आणि त्याला कसे सांभाळले, ही.

धर्माच्या आचारात हाच प्रश्न जीर्णोद्धाराच्या रूपाने येतो. परळीचे वैद्यनाथ मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी सावरले असे मानले जाते, आणि नवे दगड लागले म्हणून ते दुसरे देऊळ झाले असे कोणी म्हणत नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे; कमलाकरभट्टांच्या १६१२ मधल्या ‘निर्णयसिंधू’त आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या १७९० मधल्या ‘धर्मसिंधू’तही तो येतो. काम चालू असताना देवतेचे सान्निध्य कलशात किंवा अन्यत्र ठेवायचे आणि नंतर पुन्हा प्रतिष्ठा करायची, ही त्यातली सर्वपरिचित रीत. पुरीच्या नवकलेवरात, जो सोहळा अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये झाला, जगन्नाथाच्या लाकडी मूर्तीच नव्या घडवतात आणि जुन्यांतला ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवतात. इथे सातत्य एका वस्तूच्या हस्तांतरावर उभे आहे : सगळे बदलेल, पण हे एक नाही.

यंत्राच्या पूजेला असा आधार नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टरला हळद-कुंकू आणि झेंडूचा हार वाहतात, पोळ्याला बैलांच्या जोडीने काही ठिकाणी तोही सजतो. इंजिन बांधून पहिल्यांदा सुरू करताना नारळ फोडला जातो. पण बेरिंग काढण्याआधी कोणी ट्रॅक्टरातले काही कलशात काढून ठेवत नाही, आणि ठेवण्यासारखे तिथे काही आहे असे कोणी मानतही नाही. ही पूजा बेफिकिरीची आहे असा याचा अर्थ नाही. ती ज्या उपकारासाठी आहे तो उपकार कोणत्याही एका सुट्या भागाचा नसतो, सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाचा असतो. काम चालू राहिले की पूजेचा विषयही चालू राहतो. नव्या बेरिंगावर वेगळी प्रतिष्ठा लागत नाही, कारण जुन्यातही ती वेगळी नव्हती.

पाश्चात्त्य चर्चेत हाच प्रश्न प्लुटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजावरून चालतो : कुजलेल्या फळ्या बदलत गेल्यावर ते जहाज तेच का? थॉमस हॉब्ज यांनी १६५५ च्या ग्रंथात त्याला एक पेच जोडला. काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? बेरिंगांना हा पेच पडत नाही. झिजलेल्या पट्ट्या गोळा करून दुसरे इंजिन बांधता येत नाही, कारण त्यांचे माप गेले आहे आणि मापाशिवाय त्या फक्त धातू आहेत. हॉब्जचा पेच फळ्यांना लागू होतो, कारण फळी जहाजाबाहेरही फळीच असते.

सरकारी व्यवहार आपली वेगळी वाट काढतो. नोंदणी पुस्तकात चासी नंबर आणि इंजिन नंबर असतात. वेगळी चासी नसलेल्या ट्रॅक्टरलाही चासी नंबर असतोच, तो एखाद्या ओतीव घरावर ठोकलेला असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला सामान्यतः करता येत नाही. बेरिंगे, पिस्टन किंवा क्रँक यांचा त्यात उल्लेख नाही. ते कितीही वेळा बदलले तरी कागदावर ट्रॅक्टर तोच. बनवणारी कंपनी बदलली तरीही हाच न्याय लावलेला दिसतो. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये काढलेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली, आणि तिचे ट्रॅक्टर त्यानंतरही आधीच्याच नोंदणीवर चालत राहिले. कायद्याला ओळख पटवायची असते, आणि त्याला एक न पुसणारा आकडा पुरतो. तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, पण तो न सोडवताही मालकी बदलता येते, कर्ज काढता येते, विमा उतरवता येतो.

शेवटची पायरी क्रँकचीच. सगळी मापे संपली, म्हणजे शेवटच्या अंडरसाइझचे बेरिंगही सैल झाले, की दोनच मार्ग उरतात. जर्नलवर वेल्डिंगचा किंवा धातूच्या फवाऱ्याचा थर चढवून ते पुन्हा मूळ मापाला घासायचे, किंवा क्रँक नवा टाकायचा. पहिला मार्ग स्वस्त असला तरी धोक्याचा आहे. उष्णतेने क्रँक वाकू शकतो, आणि सांध्याच्या वळणावर तडा राहिला तर तो भाराखाली मोडतो. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हा मार्ग पत्करू नये. नव्या क्रँकबरोबर स्टँडर्ड बेरिंगे परत येतात आणि पट्टीच्या पाठीवरचा आकडा पुन्हा सुरुवातीला जातो. ब्लॉक, बोअरची ओळ आणि कॅपांचे नंबर जुनेच राहतात, आणि नव्या क्रँकला बसावे लागते ते त्यांच्या मापात. तोवर मालकाचे ‘तोच’ हे म्हणणे बरोबर आहे. ब्लॉकच तडकला आणि दुसऱ्याचा आणून बसवला, तर ते सारे नाते नव्याने ठरवावे लागते. इंजिनापुरते तरी मग ‘दुसरे’ म्हणणेच खरे, आणि नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबरही तेव्हाच बदलावा लागतो.